उपवासाच्या दिवशी तीन गोळ्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव असे, किती आणायचं ते असे. केव्हा घ्यायचं ते नसे. ती जागा ते रिकामी सोडत. लिहून काय उपयोग, उल्हासनगरात वाचतंय कोण, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझी आई त्यांच्या पुढ्यात बसली होती. तिच्या पिशवीत त्या दिवशीचा पेपर होता आणि तो तिने नंबर येईपर्यंत बाकावर बसून अर्धा वाचला होता. 

दवाखाना कॅम्प चारमध्ये, पापड-लोणच्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. जिना लाकडी, चढ उभा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. डॉक्टरांकडे येणारे बहुतेक पेशंट संधिवाताचे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. तिशी-चाळिशीतल्या माणसाची बोटं, मनगटं सुजवून हळूहळू वाकडी करतो तो. अशी माणसं त्या जिन्याच्या भिंतीला खांदा लावून एकेक पायरी चढत. कठडा बसवा, असं दुकानदाराने अनेकदा सुचवलं. डॉक्टर म्हणत, "साईं, हा जिना माझी पहिली तपासणी आहे. जो वर आला, त्याला औषध लागू पडलं." जो वर येऊ शकला नाही त्याचं काय झालं, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. त्यामुळे त्यांचा हिशेब नेहमी चांगलाच येई.

दुसरी तपासणी आत होई. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याची गुंडाळी करून, तिच्यात थोडी हवा भरून ते ती पेशंटच्या मुठीत देत आणि म्हणत, "दाबा." पारा किती चढला, त्यावरून हातात जोर किती ते समजे. पद्धत चांगली होती. पण आकडा ते पेशंटला सांगत नसत, बाहेरच्या बाकांना सांगत. "एकशे दहा! गेल्या वर्षी या बाई चहाचा कप दोन हातांनी धरत होत्या!" बाहेरून कुणीतरी "वा वा" म्हणे. आकडा कमी आला तरी आवाज तेवढाच असे. "पन्नास! औषध घेत नाहीत. पुढचा." आईचा पहिला आकडा चाळीस होता. तो सगळ्या दवाखान्याला कळला.

आई अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात पेट्या भरायच्या कामावर होती. एका हाताने काड्या उचलायच्या त्या मोजून नव्हे, अंदाजाने, आणि अंदाज चुकत नसे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. कारखाना सुटला. आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते त्यामुळे.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती खरी आहे. त्या काळात कल्याणपासून बदलापूरपर्यंत संधिवातावर पुड्या देणारे पुष्कळ होते. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नसे. चार दिवसांत दुखणं पळे, चार महिन्यांत चेहरा फुगे आणि वर्षा-दोन वर्षांत हाडं ठिसूळ होत. डॉक्टरांनी पुडी कधी दिली नाही. ते नवं वाचत आणि औषध नेमकं निवडत. सुरुवातीला त्यांनी आईला ॲस्पिरिन दिलं. रोज गोळ्या वाढवत न्यायच्या आणि कानात शिट्टी वाजू लागली की तिथे थांबून थोड्या कमी करायच्या, अशी त्या वेळची रीतच होती. आईच्या कानात शिट्टी वाजली, तशी तिने कळवली. पुढे क्लोरोक्विन दिलं आणि डोळे तपासून घ्यायला पाठवलं. हे सगळं त्यांनी बरोबर केलं. त्यांना औषध कळत होतं. औषध घेणारं माणूस आपल्याला त्याहूनही जास्त कळतं, असं त्यांना वाटे. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

चिठ्ठीवर वेळ न लिहिण्याच्या बदल्यात ते प्रत्येकाला खूण देत. कारखान्यात जाणाऱ्याला, "भोंगा झाला की गोळी." घरी असणाऱ्या बाईला, "संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या की गोळी." पेशंटला आपल्याच आयुष्यातली खूण द्यायची, म्हणजे तो विसरत नाही, ही त्यांची पद्धत. तिचा त्यांना एवढा अभिमान होता की नव्या पेशंटला ते आधी पद्धत समजावत आणि मग आजार.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा एक शेतकरी त्यांच्याकडे येई. त्याला खूण होती म्हशीच्या धारेची. तो चार महिने आला नाही आणि आला तेव्हा गुडघे एवढे सुजलेले, की दुकानदाराने आणि कंपाउंडरने त्याला धरून वर आणला. डॉक्टरांनी झापायला सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "डाक्टर, म्हस पिलली का गोली, आसा तुमीच सांगला व्हता. आता म्हस आटली, तं गोली कवा घेऊ?"

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. पुढची दोन वर्षं हा किस्सा ते प्रत्येक पेशंटला सांगत. "म्हैस आटली, औषध आटलं! अशा लोकांत मी प्रॅक्टिस करतो." किस्सा ऐकणारे हसत. तो शेतकरी सांगितलं तेच करत होता, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक होतो, आणि हा किस्सा मी कचेरीत दोनदा सांगितला.

नव्वदीनंतर मेथोट्रेक्सेट आलं. म्हणजे औषध जुनंच, पण संधिवातासाठी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच द्यायचं, हे आमच्या भागात नवं होतं. आई पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन खाली गेली तेव्हा केमिस्टने पाकीट हातात धरून विचारलं, "माई, किसके लिए है? ये तो कॅन्सर की दवा है." आई तोच जिना पुन्हा चढली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, विळीनं भाजी चिरतात, बोटही चिरतं. विळी फेकून देता का?" उत्तर वाईट नव्हतं. मग ते खुणेकडे वळले.

"उपवास कोणत्या वारी करता?"

"आमच्यात उपवास नसतो."

"एकही नाही? चतुर्थी, एकादशी, काही?"

"छप्पन सालापासून नाही."

डॉक्टर जरा अडखळले. या गोळीसाठी त्यांनी सगळ्यांना एकच खूण ठरवली होती: आठवड्याचा उपवास. ज्या दिवशी उपवास, त्या दिवशी तीन गोळ्या. बाकीचे दिवस हात लावायचा नाही. पुढे बसलेल्या बाईला उपवासच नसेल, ही शक्यता त्यात धरली नव्हती. मग त्यांना सुचलं. "तुमच्याकडे लाईट कधी जाते?"

"शुक्रवारी. कारखान्यांना सुट्टी असते तेव्हा."

"झालं तर. लाईट गेली की तीन गोळ्या!"

बाहेरची बाकं हसली. आई हसली नाही. "लाईट काय शुक्रवारचीच जाते होय, डॉक्टरसाहेब? आणि ज्या बाईचे उपवास जास्त, तिनं काय करायचं?"

"तुम्हाला काय करायचंय, मावशी? तुमचा तर एकही नाही!"

या वेळी हशा मोठा झाला. त्यात मीही होतो.

जिना उतरताना आई एवढंच म्हणाली, "नुसतं शुक्रवार म्हणायला काय झालं होतं त्याला?" घरी गेल्यावर तिने कॅलेंडरवर सगळ्या शुक्रवारांना पेन्सिलीने गोल केले. लाईट गेली काय अन् न गेली काय, ती शुक्रवारी गोळ्या घेई आणि गोलात फुली मारी. सहा महिन्यांनी तिने पारा नव्वदवर नेला. डॉक्टरांनी तो आकडा ओरडून सांगितला आणि वर म्हणाले, "बघा, लाईटच्या खुणेचा गुण!"

आमच्या शेजारी एक सिंधी बाई राहत. सगळी गल्ली त्यांना दादी म्हणे. नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन इंदूरला. दादी घरी पापड लाटून दुकानांना देत. त्यांच्या पापडाला कॅम्प पाचपर्यंत गिऱ्हाईक होतं. त्यांचीही बोटं सुजू लागली, लाटणं हातातून सुटू लागलं. आईचा हात सुधारलेला त्या रोज पाहत होत्या. एका जूनमध्ये मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. उपवासाचा वार कोणता, असं डॉक्टरांनी विचारलं. "सोमवार," दादी म्हणाल्या.

"बस. जिस दिन व्रत, उस दिन तीन गोली. बाकी दिन हाथ नहीं लगाने का."

"जिस दिन व्रत, उस दिन तीन," दादींनी घोकल्यासारखं म्हटलं. सोमवार हा शब्द त्या संभाषणात पुन्हा आला नाही.

जुलै लागताच डॉक्टरांनी त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणायला सांगितल्या, कारण दादींना जिना चढवत नव्हता. जिना औषधाची तपासणी करतो, हे तत्त्व त्या दिवशी बाजूला राहिलं. दहा गोळ्यांची चार पाकिटं.

जुलैच्या मध्यावर सिंधी लोकांचा चालिया सुरू होतो. झुलेलालसाठी चाळीस दिवसांचं व्रत. उल्हासनगरात राहून ते माहीत नसणं अशक्य आहे. देवळांना रोषणाई होते, रस्ते फुलतात, दुकानांवर कापडी फलक लागतात. पहिल्या दिवशीची बातमी दरवर्षी माझ्याच हातून जाई: तीन ओळी आणि एक फोटो. त्या वर्षीचा फोटो देवळाबाहेरच्या पाणपोईच्या उद्घाटनाचा होता. हार घातलेले पाहुणे एका रांगेत उभे होते. डॉक्टर डावीकडून तिसरे.

चालियाच्या बाराव्या दिवशी संध्याकाळी दादी आमच्या दारात आल्या. तोंडाला पदर लावला होता.

"भेण, दो गोली दे. मेरी एक ही बची है. कल मँगवाके वापस देती हूँ."

आई चपात्या लाटत होती. "गोली? आज कौनसा वार है, दादी?"

"वार क्या? चालिया है ना. रोज व्रत, रोज गोली. उसने ही बोला था."

आईने लाटणं ठेवलं आणि पदर बाजूला करून तोंड उघडायला लावलं. जीभ, गाल, टाळू सगळं सोललेलं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. अंग तापलं होतं. दादींना ते व्रताचं कडक असणं वाटत होतं. त्या उलट आईला आपला हात दाखवत होत्या, मूठ मिटून, उघडून. "हाथ तो देख. इतना अच्छा कभी नहीं था."

दोन सोमवारांच्या सहा गोळ्या. नंतर अकरा दिवस, रोज तीन. चाळीसपैकी एक उरली होती. आईला हे मोजायला वेळ लागला नाही.

तिने दादींना रिक्षात घातलं. दवाखान्याखाली त्यांना रिक्षातच बसवून ती एकटी वर गेली. त्या वेळी मी तिथे नव्हतो. पुढचं मला आईने सांगितलं आणि कंपाउंडरने स्वतंत्रपणे सांगितलं. दोघांची हकीकत जुळते.

आई रांग मोडून आत शिरली. डॉक्टर एका पेशंटच्या मुठीतला पारा बघत होते. त्यांनी मान वर न करता "मावशी, नंबर" असं म्हटलं. आईने गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मी व्रताच्या दिवशी म्हटलं होतं."

"मग तिनं दुसरं काय केलं?"

बाकं भरलेली होती. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस?" आई म्हणाली, "अकरा." ते उठले आणि मधल्या पायऱ्या गाळत जिना उतरले. दहा वर्षांत त्यांना घाईत कुणी पाहिलं नव्हतं.

पुढची धावपळ त्यांनी केली, हेही नोंदवलं पाहिजे. दादींना त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः रुग्णालयात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. या विषावर उतारा म्हणून जे इंजेक्शन लागतं ते उल्हासनगरात मिळेना. कंपाउंडरला मुंबईला पाठवून त्यांनी ते आणवलं. पहिला आठवडा दादी जगतील की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. इंदूरहून मुलगी आली आणि माझ्या आईने आणलेल्या चहाच्या थर्मासशेजारी नुसती बसून राहिली. दादींना घोटभर पाणीही गिळवत नव्हतं. केस उशीवर गळून पडत. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला. चालिया संपून गेला तेव्हा त्या बसू लागल्या होत्या.

बोलता येऊ लागल्यावर दादींनी डॉक्टरांना पहिलं वाक्य म्हटलं ते माझ्यासमोर. "मेरी भूल है, साईं. व्रत में दवाई नहीं लेनी चाहिए थी. भगवान नाराज हुआ."

खोलीत मी होतो, आई होती, मुलगी होती. डॉक्टरांनी नाडी धरली होती. ते म्हणाले, "कोई बात नहीं, दादी. आगे से ध्यान रखना."

त्यांनी ती माफी स्वीकारली.

दिवाळीपर्यंत दादींचे हात पुन्हा सुजले. पापड लाटल्याशिवाय त्यांचं चालणार नव्हतं, आणि इंदूरला जावयाच्या घरी त्यांना राहायचं नव्हतं. दुसरी औषधं झाली, फरक पडला नाही. शेवटी दादींनीच तीच गोळी मागितली. डॉक्टर दोन महिने टाळत राहिले, मग रक्त तपासून दोन गोळ्यांवर तयार झाले. त्या दिवशी आईही बरोबर होती. सवयीने डॉक्टरांनी विचारलं, "कौनसा वार?"

दादींनी आईकडे बोट केलं. "मेरे को मत पूछो. गोली इसके पास रहेगी."

"शुक्रवारी," आई म्हणाली. "माझ्या बरोबर."

तेव्हापासून दादींचं पाकीट आमच्या फडताळात राहू लागलं. शुक्रवारी सकाळी दादी येत. आईची अट होती: आधी तोंड दाखवायचं. दादी दारात उभ्या राहून जबडा उघडत, आई त्यांना उजेडाकडे वळवून आत बघे आणि मगच दोन गोळ्या हातावर ठेवी. नंतर कॅलेंडरवर दोन फुल्या पडत, एक आपली, एक दादींची. महिन्यातून एकदा रक्ताचा कागद आणला नाही तर गोळी मिळत नसे.

"तू कौन, बड़ी डॉक्टर?" दादी चिडवत.

"डॉक्टर नहीं. वार मालूम है मेरे को," आई म्हणे.

दुसऱ्या वर्षीचा चालिया आला आणि गेला. दादींनी चाळीस दिवस व्रत केलं आणि शुक्रवारच्याच गोळ्या घेतल्या. पापड दुकानांत पुन्हा दिसू लागले.

ही व्यवस्था डॉक्टरांना कंपाउंडरकडून कळली. महिनाभरात दवाखान्यात भिंतीवर पाटी लागली: "आठवड्याची गोळी शेजारणीकडे ठेवा." त्यांनी आयुष्यात लिहून दिलेली ही पहिली सूचना, आणि ती त्यांची नव्हती. उपवासाची खूण त्यांनी गाजावाजा न करता सोडली. म्हशीचा किस्सा मात्र चालू राहिला. नव्या पेशंटला ते शेजारणीची पद्धत समजावत आणि सांगत, "खूप विचार करून काढलीय." स्थानिक डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी त्यावर भाषण केलं. आई त्यानंतरही दर दोन महिन्यांनी त्या दवाखान्यात जात होती. त्या पाटीखाली बसून पेपर वाचत होती. डॉक्टरांनी तिच्याशी तो विषय कधी काढला नाही. तिनेही नाही. जिन्याला कठडा शेवटपर्यंत बसला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं असताना डॉक्टर हृदयविकाराने गेले. डॉक्टरांच्या संघटनेने टाइप केलेला मजकूर पाठवला, तो माझ्या टेबलावर आला. त्यांनी पुडीवाल्यांना विरोध केला, असं त्यात होतं. ते मी ठेवलं. नव्या उपचारांची त्यांना जाण होती, असं होतं, तेही ठेवलं. एक वाक्य होतं: "आठवड्याची गोळी शेजारणीकडे ठेवण्याची अभिनव पद्धत त्यांनी शोधून काढली आणि अनेकांचे प्राण वाचवले." ते मी कापलं.

दुसऱ्या दिवशी संघटनेच्या चिटणीसांचा फोन आला. बाकी सगळं ठीक आहे, पण नेमकं महत्त्वाचं वाक्यच गेलं, असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, जागा नव्हती.

जागा होती.